जुन्या शिडाच्या बोटीवरच्या डिझेलच्या नळ्या बदलताना

बोट शिडाची असली, तरी वारा पडल्यावर किंवा अरुंद तोंडातून बंदरात शिरताना भिस्त इंजिनावरच असते. आणि डिझेल इंजिन पुष्कळदा बंद पडतं ते स्वतःच्या बिघाडाने नाही, तर डिझेल पोचत नाही म्हणून. बोट वीस-पंचवीस वर्षांची आहे आणि नळ्या पहिल्याच आहेत, असं असेल तर त्या गळायची वाट बघू नका.

बाहेरून बघून नळीचा अंदाज येतोच असं नाही. माझ्या बोटीचं इंजिन अर्धा तास सुरळीत चालायचं, मग धापा टाकत बंद पडायचं. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. फिल्टर बदलले, टाकी धुतली, उपयोग शून्य. शेवटी टाकीपासून पहिल्या फिल्टरपर्यंतची नळी काढून उभी चिरली, तर आतला रबराचा थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. पंपाची ओढ लागली की ती जीभ वाट अडवायची. वरून नळी ठणठणीत होती, एक भेग नव्हती.

टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल खेचून इंजिनाकडे ढकलणारा छोटा पंप) या टप्प्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. टाकी इंजिनापेक्षा खाली असेल तर इथे पंप डिझेल खेचत असतो, त्यामुळे जोड सैल झाला तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जोडाखाली धरलेलं फडकं कोरडं राहतं आणि इंजिन मात्र एअर धरतं, म्हणजे नळीत हवा अडकून डिझेल तुटतं.

आधी सगळ्या नळ्या हाताने चाचपत त्यांचा माग काढा आणि कागदावर साधा नकाशा काढा. टाकीकडून इंजिनाकडे जाणारी, इंजिनातून उरलेलं डिझेल परत आणणारी, डेकवरून टाकी भरायची जाड नळी, आणि टाकीला श्वास घेऊ देणारी हवेची नळी. बदलायच्या तर चारही बदला. हात पोचत नाही म्हणून सोडलेली नळीच पुढे नडते.

विकत घेताना नळीवरचा छाप वाचा. आयएसओ ७८४० (आगीत टिकणाऱ्या इंधन-नळ्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) किंवा यूएससीजी (अमेरिकेचं तटरक्षक दल) ए१ असा छाप हवा. ए१ आणि ए२ या दोन्ही नळ्या आगीत अडीच मिनिटं तग धरतील अशा कसोटीला उतरलेल्या असतात. ए१ मधून इंधन कमी झिरपतं, म्हणून जिथे डिझेल कायम भरलेलं असतं तिथे ती घ्यावी. भरायच्या आणि हवेच्या नळीला ए२ चालते. माप जुन्या नळीवरून घेऊ नका, ती फुगलेली असते. ती ज्या तोटीवर बसते त्या तोटीचं घ्या. क्लॅम्प ३१६ स्टेनलेसचे (खाऱ्या पाण्यात कमी गंजणारं स्टील), स्क्रूसकट, आणि पट्टी आरपार खाचा नसलेली. आरपार खाचांच्या कडा रबर कापतात.

काम थंड इंजिनावर आणि टाकी जमेल तितकी रिकामी करून करा. टाकीचा कॉक बंद करा. बिल्जचा, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा, आपोआप चालणारा पंपही बंद ठेवा, नाहीतर तळाशी सांडलेलं डिझेल तो थेट समुद्रात फेकेल. टाकी इंजिनापेक्षा उंचावर असेल तर जपून: एकदा धार लागली की ती टाकी रिकामी होईपर्यंत थांबत नाही. जुना कॉक पूर्ण बंद होतो यावर विसंबू नका, बुच हाताशी ठेवा. नायट्राइलचे हातमोजे घाला आणि प्रत्येक जोडाखाली शोषून घेणारा कपडा अंथरा.

जुनी नळी पकडीने पिळून ओढायची नाही. टाकीच्या माथ्यावरची तोटी बहुधा डाख देऊन जोडलेली असते, ती उखडली तर काम दहापट वाढतं. धारदार चाकूने नळी लांबीत चिरा आणि सोला, मात्र पात्याचा ओरखडा तोटीवर उठू देऊ नका. त्या ओरखड्यातूनच पुढे हवा शिरते. नळी फळ्यांमागून गेली असेल तर नव्या नळीचं टोक जुनीला घट्ट बांधा, टोकं चिकटपट्टीने बंद करा आणि जुनी ओढत नवी आत घ्या.

नवी नळी कापायलाही चाकूच घ्या. करवतीने रबराचा भुसा आत राहतो. डिझेलमध्ये बुडवलेलं बोट तोटीला फिरवलं की नळी सरकते. क्लॅम्प तोटीच्या फुगीर कडेच्या मागे बसला पाहिजे, नळीच्या अगदी टोकावर नाही. भरायच्या नळीला दोन्ही टोकांना दोन-दोन क्लॅम्प लावा, आणि डेकच्या झाकणापासून टाकीपर्यंत गेलेली अर्थिंगची तार पुन्हा जोडायला विसरू नका. आट्यांवर टेफ्लॉन टेप नको, तिचा एक तुकडा सुटला तरी थेट नोझलपर्यंत (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) जाऊ शकतो. डिझेलला टिकणारं पातळ सीलंट वापरा. बँजो बोल्टचे (ज्याच्या पोकळ पोटातून डिझेल जातं तो बोल्ट) तांब्याचे वायसर नवे घ्या. नळी एक्झॉस्टपासून लांब ठेवा, हात-हातभर अंतरावर आधार द्या, आणि फळीतून जाते तिथे घासू नये म्हणून आवरण घाला. हवेच्या नळीला कुठेही झोळ नको. झोळात डिझेल साचलं की टाकीचा श्वास कोंडतो.

आता एअर काढायची, टाकीकडून इंजिनाकडे याच क्रमाने. कॉक उघडा, पहिल्या फिल्टरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल येऊ द्या, घट्ट करा. मग इंजिनावरचा फिल्टर, फीड पंपाचा हाताने चालवायचा दांडा मारत. दांडा पोकळ लागला, म्हणजे जोर लागत नसेल, तर क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) एक पूर्ण फेरा फिरवा. पंपाला हलवणारा इंजिनातला कॅम (दांड्यावरचा उंचवटा) तेव्हा त्याला दाबून बसलेला असतो. त्यानंतर इंजेक्शन पंप (नोझलकडे जोराने डिझेल पाठवणारा), आणि शेवटी नोझलचे नट अर्ध्या फेऱ्याने सैल करून स्टार्टर मारा, डिझेल आलं की नट घट्ट करा. स्टार्टर मारताना इंजिन थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा कॉक बंदच ठेवा, नाहीतर एक्झॉस्टमध्ये साचलेलं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. इंजिन पेटताच हा कॉक लगेच उघडा. नोझलच्या पाइपजवळ हाताचं बोट नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.

धक्क्याला बांधलेल्या बोटीवरच गिअर टाकून तासभर इंजिन चालवा आणि प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर फिरवा. डिझेलचा कणही त्यावर डागासारखा उठतो. भरायची आणि हवेची नळी मात्र अर्ध्या टाकीवर कोरडीच असते. म्हणून एकदा टाकी काठोकाठ भरा, आणि भरताना कुणालातरी बॅटरी घेऊन खाली जोडापाशी बसवा.