डेकच्या कड्या तुळईबाहेर किती काढायच्या? या चुका टाळा

नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा त्र्यंबक रोडवर फार्महाउस झालं की मागे डेक, म्हणजे खांबांवर उभा केलेला उघडा फळ्यांचा ओटा, हवाच, आणि तोही उतारावर जमेल तितका पुढे काढलेला. खांब नजरेला येऊ नयेत म्हणून ते आत घेतात आणि कड्यांची (फळ्यांखालच्या आडव्या दांड्यांची) टोकं तुळईच्या (खांबांवरच्या, कड्या पेलणाऱ्या बीमच्या) पुढे अधांतरी राहतात. त्यात गैर काही नाही. गडबड होते ती किती पुढे काढायचं हे अंदाजाने ठरवल्यावर.

लांबीचा चौथा हिस्सा नव्हे

लाकडी डेकसाठी अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेतला ठोकताळा सोपा आहे: घराकडच्या मागच्या आधारापासून तुळईपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त बाहेर काढायचं नाही. साइटवर मात्र कडीच्या एकूण लांबीचा चौथा हिस्सा धरला जातो. १२ फुटी कडीचे ३ फूट बाहेर काढले तर मागे ९ उरतात, आणि ९ चा चौथा हिस्सा सव्वादोन. म्हणजे ९ इंच जास्तीचे गेले. एकूण लांबीवरूनच मोजायचं असेल तर पाचवा हिस्सा धरा. १२ फुटांना २ फूट ४ इंच, बस्स. कडी बारीक असेल तर तेवढंही झेपणार नाही.

‘एवढंसंच वाढवलंय’ या बोलण्यावर जाऊ नका. पसरलेल्या भाराखाली बाहेरचा भाग दुप्पट केला की तुळईवर कडीला वाकवणारा जोर चौपट होतो.

मागचं टोक बांधलेलंच नसतं

पुढचा भाग खाली झुकेल याची काळजी सगळे करतात, पण मागचं टोक वर उचललं जातं हे कुणाच्या ध्यानात येत नाही. कडी इथे पहारीसारखी वागते. समजा, मागे ८ फूट आणि बाहेर २ फूट आहे. सूर्यास्ताच्या फोटोसाठी चौघं रेलिंगला टेकले, साधारण २८० किलो. मागचं टोक ७० किलोच्या जोराने वर जाऊ पाहतं. बाहेर ४ फूट काढले असते तर १४० किलो. डेकचं स्वतःचं वजन त्यातलं काही खाऊन टाकतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या भाग २ मध्ये घराच्या बाल्कनीसाठी चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास ३०० किलो भार धरलाय, शिवाय बाहेरच्या कडेवरचा भार वेगळा तपासायला सांगितलाय. डेकलाही तोच हिशेब लावावा.

आणि आपल्याकडे काय करतात? भिंतीला पट्टी, पट्टीवर कड्या, वरून दोन-दोन खिळे. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटची) असेल तर साधा फास्टनर तिथे पकडच घेत नाही. पट्टी जोत्याच्या आरसीसी बीमला (प्लिंथ बीम) बोल्टने आवळा आणि प्रत्येक कडी लोखंडी पट्टीने बांधून घ्या. मला विचाराल तर घराला हातच लावू नये. मागेही खांब आणि तुळई स्वतंत्र द्यावी. पावसाळ्यात काळी माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घर आणि डेक एकसारखे हलत नाहीत. पाया काळ्या मातीखालच्या मुरमात न्या.

तुळईवर जोड किंवा खाच

तुळईवर कडीची वरची बाजू ताणली जाते. तिथे खाच, मोठी गाठ किंवा वरच्या अंगाला भोक नको. जोड तर नकोच नको. एमएसचे (साध्या लोखंडाचे) पाइप ६ मीटरचे येतात आणि उरलेले तुकडे वेल्ड करून वापरण्याचा मोह फॅब्रिकेटरला होतोच. जोड कुठे येतोय ते रंग मारायच्या आधी बघा. लोखंडाला चौथ्या हिश्श्याचा नियम चालत नाही, तो हिशेब इंजिनिअरकडून घ्या. मागचं टोक उचलण्याचं गणित मात्र तेच.

झोपाळा बाहेरच्या भागावर टांगू नका. कुंड्यांची रांगही तुळईच्या आत ठेवा. १४ इंची कुंडी भिजली की ३०-४० किलोची होते.

डेक आधीच झालाय?

टोकावर दोरी ताणून झोळ बघा. एकाने कडेला उभं राहायचं, दुसऱ्याने मागचा सांधा न्याहाळायचा. फट उघडली तर वापर बंद. पुढच्या तुकड्याला शेजारून नुसती जोडफळी ठोकून काही होत नाही, ती तुळईच्या आत बरीच मागेपर्यंत न्यावी लागते. कड्या कापून आखूड करणं सगळ्यात स्वस्त. ते नको असेल तर कडेखाली आणखी एक तुळई आणि खांब द्या, आणि त्याचे खड्डे मे महिन्यातच उरका. जूनमध्ये काळ्या मातीत खणलेला खड्डा काँक्रीट येईपर्यंत ढासळलेला असतो.