इको शिकायला येताय? आधी अपेक्स शोधा, मग ईएफ लिहा

एमडी मेडिसिननंतर मी एक वर्षाची इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, फेलोशिप केली, त्याला आता चार वर्षं होतील. नवीन बॅच आली की ज्युनियर्सचे ठरलेले मेसेज सुरू होतात. सर, स्ट्रेन (हृदयाचा स्नायू किती आखडतो त्याचं मोजमाप) कधी शिकू, थ्री डी कधी, कार्डिअॅक एमआरआय वाचायला कुठे शिकवतात. शिका की, सगळं शिका. पण मला यातल्या कशानेच दगा दिला नाही, मला नडला तो साधा अपेक्स, म्हणजे हृदयाचं खालचं टोक, आणि तोही एकदा नाही, दोनदा.

ईएफ म्हणजे डावं व्हेंट्रिकल (हृदयाचा मुख्य पंप) दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा. तो बायप्लेन सिम्पसनने, म्हणजे फोर चेंबर (चारही कप्पे) आणि टू चेंबर (डावे दोन कप्पे) या दोन चित्रांवरून कसा काढतात हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

फेलोशिपचा तिसरा महिना. बाहेर ही लाईन, आत एसी बंद. पंचावन्नच्या आसपासचे एक काका आले, दोन महिन्यांपूर्वी अँटिरिअर वॉलचा अटॅक येऊन गेलेला, आता जिना चढताना दम लागतो म्हणून हार्ट फेल्युअरचा टू डी इको सांगितलेला. मी प्रोब ठेवला, फोर चेंबर मस्त दिसला, भिंती स्वच्छ, ऑटो ईएफचं बटण दाबलं, ४६ आलं, क्लॉट नाही असं लिहिलं आणि पुढचा पेशंट हाक मारला. सहा-सात मिनिटांत उरकलं म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ पण थोपटली, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे एक सिनियर टेक्निशियन ताई होत्या, वीसेक वर्षं इकोच करत आलेल्या. त्यांनी काकांना दारातून परत बोलावलं, कारण अटॅक एलएडीचा (समोरच्या भिंतीला आणि टोकाला रक्त देणारी नळी) आणि रिपोर्टमध्ये अपेक्स छान हालतोय हे त्यांना पटेना. काकांना नीट डाव्या कुशीवर वळवलं, डावा हात डोक्याखाली, प्रोब एक फासळी खाली आणि बाहेरच्या बाजूला, श्वास सोडून तसाच धरायला सांगितला. आणि स्क्रीनवरचं डावं व्हेंट्रिकल बघता बघता लांब झालं. टोक पातळ, अजिबात न हलणारं, आणि त्याला चिकटून बसलेली गुठळी. ईएफ ३२.

हा नुसता आकड्यांचा फरक नाही. ४६ म्हणजे ४१ ते ४९ चा मधला गट, तिथे डॉक्टर जरा निवांत असतात. ३२ म्हणजे ४० च्या खालचा गट, हार्ट फेल्युअरची चारही औषधं जोर लावून वाढवायची, आणि तीन महिने औषधं नीट घेऊनही ईएफ ३५ किंवा त्याखालीच राहिला तर आयसीडी (जीवघेणी लय आली की शॉक देणारं यंत्र) बसवायचा विचार करायचा. शिवाय गुठळी म्हणजे रक्त पातळ करायचं औषध त्याच दिवशी. माझा रिपोर्ट घेऊन काका रिक्षात बसले असते तर? ताई मला एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त माझा रिपोर्ट फाडून टोपलीत टाकला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

याला फोरशॉर्टनिंग म्हणतात, पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं असतं, म्हणून मी पाल्हाळ लावणार आहे. काकडी देठापासून टोकापर्यंत उभी कापली तर लांब फाक मिळते. सुरी तिरकी गेली की ती मध्येच बाहेर पडते आणि आखूड, गोलसर काप हातात येतो. त्या कापाचा शेवट तुम्हाला टोक वाटतो पण ती असते बाजूची भिंत. आणि बाजूची भिंत जाड असते, आत येते, म्हणून चित्र सुंदर दिसतं आणि ईएफ वाढीव येतो. खरा अपेक्स पातळ असतो आणि जागचा फारसा हलत नाही. त्यामुळे तुमचा अपेक्स जाडजूड दिसून जोरात आत येत असेल तर खूश होऊ नका, घाबरा. व्हेंट्रिकल लांबट न दिसता लिंबासारखं दिसतंय, तरी घाबरा. फोर चेंबर आणि टू चेंबरमधली लांबी मोजा, दोन्हींत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर एक चित्र नक्की तिरकं कापलंय.

हार्ट फेल्युअरमध्ये हे जास्त होतं, कारण हृदय मोठं झालं की अपेक्स खाली आणि बगलेकडे सरकतो आणि आपण प्रोब सवयीच्या जागी, म्हणजे वरच ठेवतो. आधी बोटांनी अपेक्स बीट (टोकाचा छातीवर लागणारा ठोका) चाचपा, फर्स्ट इयरला शिकलात ना ते, तेच. बायकांचा इको करताना पोरं संकोचतात आणि प्रोब स्तनाच्या वरच ठेवतात, चित्र तिरकं येणारच. नर्सताईंना सोबत उभं करा, नीट समजावून सांगा, पेशंटला स्वतःच्या हाताने स्तन वर धरायला सांगा. तुमचा संकोच तिच्या रिपोर्टमध्ये उतरतो. प्रोबला जागा मिळावी म्हणून मधे कापलेली गादी असेल तर वापरा, आमच्याकडे ती होती आणि तिच्यावर फायली ठेवलेल्या असायच्या.

एवढं होऊनही मी दुसऱ्यांदा त्याच खड्ड्यात पडलो. यावेळी स्ट्रेनमध्ये. सत्तरीच्या एक आजी, जुनं बीपी, भिंती जाड, ईएफ ५८, तरी धाप. जीएलएस (अख्ख्या डाव्या व्हेंट्रिकलचा स्ट्रेन) काढला, उणे १३ आला, म्हणजे कमीच, साधारण उणे २० च्या आसपास अपेक्षित असतो. आणि बुल्स आयमध्ये (स्ट्रेनचा गोल रंगीत नकाशा, त्याच्या मधोमध अपेक्स) मधोमध लालभडक, कडेला फिकट. अपिकल स्पेअरिंग, म्हणजे टोक तेवढं शाबूत! अमायलॉइड, म्हणजे हृदयात प्रथिन साठण्याचा आजार! २०१२ मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकच्या लोकांनी मांडलेला हा पॅटर्न मी नुकताच वाचला होता, त्यामुळे मला सगळीकडे तोच दिसत होता. त्याच्या तपासण्या म्हणून रक्तातल्या लाईट चेन्स पाठवल्या, पीवायपी स्कॅन सांगितला, घरच्यांनी दोन आठवडे गुगल करून झोप उडवून घेतली. सगळं निगेटिव्ह आलं. परत इको केला, यावेळी खरा अपेक्स पकडून, तर मधला लाल ठिपका गायब, सगळीकडे सारखाच फिकेपणा, बीपीचंच हृदय. चित्र तिरकं कापलं की अपेक्सचा स्ट्रेन खोटा वाढतो, आणि मशीन तुम्हाला ते इतक्या देखण्या रंगात दाखवतं की शंकाच येत नाही.

घाबरू नका, ही चूक सगळ्यांकडून होते. कबूल मात्र कोणी करत नाही.

स्ट्रेन वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. केमोच्या पेशंटमध्ये ईएफ पडायच्या आधी जीएलएस पडतो, मूळ आकड्याच्या १५ टक्क्यांहून जास्त घसरण झाली की ऑन्कोलॉजीला फोन करायचा. फक्त रिपोर्टमध्ये बीपी आणि मशीनची कंपनी लिहा, बीपी चढलेलं असेल तर स्ट्रेन कमी येतो, आणि एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी लावू नका. ईएफ ५० च्या वर असलेल्या धापेत ई बाय ई प्राइम, एलए व्हॉल्यूम, टीआर व्हेलॉसिटी (हृदयातला दाब वाढलाय का ते सांगणारी मापं) हे बघावंच लागतं, ते तुम्हाला माहीतच आहे.

एआयबद्दल विचारतात. स्टॅनफर्डवाल्यांचं २०२० चं इकोनेट मॉडेल १०,०३० व्हिडिओंवर तयार झालं आणि ईएफ झकास काढतं, पण तेही दिलेला फोर चेंबरच बघतं. तिरका दिलात तर तिरक्याचाच हिशेब. थ्री डीमध्ये आकाराचं गृहीतक धरावं लागत नाही हे खरंय, पण खिडकी (फासळ्यांमधली प्रोबची जागा) तीच, अपेक्स फ्रेमच्या बाहेर राहिला तर थ्री डीतही बाहेरच. शंका राहिली तर एमआरआय, तिथे माइट्रलपासून टोकापर्यंत काप घेत जातात, सुटका नाही. वर गॅडोलिनियमने (एमआरआयच्या वेळी शिरेतून द्यायचं औषध) स्नायूवरचा डाग कुठे आहे ते कळतं, आतल्या थराला असेल तर अटॅकचा, भिंतीच्या मधल्या थरात असेल तर बहुतेक दुसरं काही. फक्त धाप असलेल्या माणसाला सपाट झोपवून श्वास धरायला सांगायचं म्हणजे आधी लॅसिक्सने पाणी उतरवा, मग पाठवा. मी एका काकूंना घाईने पाठवलं, दहा मिनिटांत परत, चित्रं सगळी हललेली.

आता माझं वैयक्तिक मत, पटलं नाही तर सोडून द्या. दोन दिवसांच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट भिंतीला लावा, हाताला काही येत नाही. आणि न बघता सही करणारे मोठे सर मिळण्यापेक्षा तुमचा रिपोर्ट फाडणाऱ्या ताई मिळाल्या तर त्यांच्याजवळ खुर्ची टाकून बसा, चहा त्यांच्यासाठी आधी आणा.

मी अजूनही एक वही ठेवतो. ज्या पेशंटचा माझा इको आणि नंतर एमआरआय दोन्ही झालंय, त्यांचे दोन्ही ईएफ शेजारी शेजारी लिहितो. पहिल्या वर्षीची पानं बघवत नाहीत. आताची बरी आहेत, तीन-चार-पाचचा फरक, चालतो. मागच्या आठवड्यात मात्र एकाचा फरक १२ निघाला. क्लिप काढून बघितली, टू चेंबर तिरका. त्यांना गुरुवारी परत बोलावलंय.