जुन्या प्रोग्रॅमिंग पुस्तकांचे रिव्ह्यू वाचताना या चुका टाळा

'पहिलाच प्रोग्रॅम चालला नाही, पुस्तक आउटडेटेड' म्हणून १ स्टार. सी भाषा शिकवणाऱ्या 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' या पुस्तकाबद्दल असं काही वाचलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण दुरुस्ती दोन मिनिटांची असते आणि त्यापायी एवढं चांगलं पुस्तक हातातून जातं.

होतं काय, तर पहिली आवृत्ती १९७८ ची आणि दुसरी १९८८ ची. त्या काळात मेनच्या (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनच्या) आधी इंट (उत्तर पूर्णांकात येणार हे सांगणारा शब्द) लिहिलं नाही तरी कंपायलर (आपला कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम) ते धरून चालायचा, सी ९९ मध्ये, म्हणजे सी भाषेच्या १९९९ च्या नियमांत, ही सवलत गेली, तरी जीसीसी हा कंपायलर बरीच वर्षं नुसती वॉर्निंग देऊन सोडून द्यायचा, पण जीसीसी १४ पासून सरळ एरर येतो. मेनच्या आधी इंट टाका, झालं काम. याच्यापेक्षा जास्त छळतो तो पहिल्याच प्रकरणातला गेटलाइन. पुस्तकात हे फंक्शन आपण स्वतः लिहितो, पण नंतर पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या मानकात) त्याच नावाचं फंक्शन आलं आणि लिनक्सवर ते एसटीडीआयओच्या हेडर फाइलमध्येच (इनपुट-आउटपुटसाठी प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जोडतो त्या फाइलमध्ये) असतं, त्यामुळे कंपायलर 'कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स' म्हणून ओरडतो. माझी अख्खी संध्याकाळ यात गेली होती, मी एकेक सेमीकोलन तपासत बसलो आणि चूक होती फक्त नावात! फंक्शनचं नाव बदला, किंवा जीसीसीला सी ८९ मोडमध्ये (१९८९ च्या जुन्या नियमांनी) चालवा, त्यात दोन्ही एरर एकदमच जातात.

दुसरी चूक म्हणजे कुठल्या आवृत्तीबद्दलचं मत आहे हेच न बघणं. 'रिफॅक्टरिंग' या, चालू कोडची रचना सुधारण्यावरच्या पुस्तकाची १९९९ ची आवृत्ती जावामध्ये आहे, २०१८ ची जावास्क्रिप्टमध्ये, मग 'उदाहरणं जावामध्ये आहेत' ही तक्रार नवीन प्रत घेणाऱ्याच्या काय कामाची?

'डिझाइन पॅटर्न्स'बद्दल (१९९४, एकूण २३ पॅटर्न, म्हणजे नेहमीच्या अडचणींसाठी कोडच्या ठरावीक रचना) तर दोन टोकाची मतं दिसतात आणि माझ्या मते दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात. उदाहरणं सी++ आणि स्मॉलटॉकमधली आहेत. पायथनवाला म्हणतो स्ट्रॅटेजी पॅटर्नला (एकच काम करायच्या पद्धती अदलाबदल करता येण्याची रचना) एवढे क्लास कशाला, फंक्शनच पास करा की, आणि त्याच्यापुरतं ते खरंच आहे. म्हणून मत देणारा रोज कुठल्या भाषेत काम करतो ते आधी बघा.

क्नुथ यांच्या 'द आर्ट ऑफ कंप्युटर प्रोग्रॅमिंग'बद्दल 'कळतच नाही' असं लिहिणारे बरेचदा एक गोष्ट बघायची विसरलेले असतात, प्रत्येक प्रश्नाला ० ते ५० असा अंक दिलेला आहे. १० म्हणजे फार तर मिनिटभराचं काम, २० म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, ४० म्हणजे मोठं प्रोजेक्टच, आणि ५० म्हणजे निदान लिहितेवेळी तरी न सुटलेला संशोधनाचा प्रश्न. ४५ वर अडकून स्वतःला ढ समजू नका प्लीज, आधी २० च्या आतले सोडवा.

आणि हो, नुसते स्टार मोजू नका. कुठल्या प्रकरणापर्यंत वाचलं, कुठला प्रश्न सोडवला, कुठे अडलो हे ज्याने लिहिलंय त्याचं मत आधी वाचा, मग ते वाईट का असेना. 'मस्ट रीड' एवढ्या दोन शब्दांवरून मी तरी आता पुस्तक घेत नाही.