लिनक्स टाकताय? मग फाइल सिस्टीम आधी ठरवा

पार्टिशनच्या (डिस्कचे भाग पाडायच्या) स्क्रीनवर फाइल सिस्टीमची, म्हणजे डिस्कवर फाइली कशा मांडून ठेवायच्या त्या पद्धतींची, ती भलीमोठी यादी आली की बरेच जण नेक्स्ट नेक्स्ट मारत पुढे जातात, आणि बऱ्याचदा चालूनही जातं, पण नंतर फाइल सिस्टीम बदलायची म्हटली की सगळा डेटा बाहेर काढा, फॉरमॅट करा, परत भरा, नुसता ताप. म्हणून थोडं डोकं आत्ताच चालवा.

नुसतं विंडोज वापरणार असाल तर एनटीएफएस, विषय संपला. मॅकवाल्यांचं एपीएफएस. खरा घोळ लिनक्सवाल्यांचा.

तिथे माझं सरळ मत असं की स्नॅपशॉट (सिस्टीमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, जिच्यावर नंतर परत जाता येतं) खरंच वापरणार असाल तर बीटीआरएफएस, नाहीतर गुपचूप ईएक्सटी४. ईएक्सटी४ २००८ पासून स्टेबल आहे, जर्नलिंग (बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवणं) आहे त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी फाइल सिस्टीमचा हिशेब सहसा बिघडत नाही (अर्धवट सेव्ह झालेली फाइल वाचेलच असं नाही हं), आणि रिपेअरची टूल्स एकदम पक्की. फक्त ती डिफॉल्टला ५ टक्के जागा रूट युजरसाठी (सिस्टीमच्या मुख्य अ‍ॅडमिनसाठी) राखून ठेवते, म्हणजे १ टीबीच्या पार्टिशनवर ५० जीबी गेले! सिस्टीमच्या पार्टिशनवर राहू दे, पण नुसते फोटो-व्हिडिओ ठेवायच्या पार्टिशनवर ट्यून२एफएस या कमांडने ते १ टक्क्यावर आणा, डेटाला धक्का लागत नाही.

आता बीटीआरएफएस. हे जुन्या डेटावर थेट न लिहिता नवीन जागी लिहितं (यालाच कॉपी-ऑन-राइट म्हणतात), त्यामुळे स्नॅपशॉट क्षणात होतो आणि सुरुवातीला जागाही जवळपास खात नाही. अपडेट केलं, ग्राफिक्स ड्रायव्हर बोंबलला, समोर काळी स्क्रीन, अशा वेळी मागच्या स्नॅपशॉटवर जायचं आणि कामाला लागायचं. शिवाय चेकसम (डेटा जसाच्या तसा आहे का ते पडताळायचे आकडे) असतात, डिस्क आतल्या आत डेटा खराब करत असेल तर वाचताना कळतं. फेडोरा वर्कस्टेशन या लिनक्सने २०२० मध्ये हेच डिफॉल्ट केलं. पण रूट (सिस्टीम) आणि होम (तुमच्या फाइली) यांची सबव्हॉल्यूम, म्हणजे पार्टिशनच्या आतले कप्पे, वेगळी ठेवा बरं का, नाहीतर सिस्टीम मागे नेली की तुमच्या कालच्या फाइलीही मागे जातील. व्हर्च्युअल मशीनच्या (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या) इमेज आणि डेटाबेस यावर रेंगाळतात, त्यांचा फोल्डर रिकामा असतानाच त्याचं कॉपी-ऑन-राइट बंद करायचं, मात्र मग तिथे चेकसमही मिळत नाहीत. रेड ५ आणि ६ (अनेक डिस्क जोडून डेटा वाटून ठेवायच्या पद्धती) यावर करूच नका. आणि स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, डिस्क मेली की तोही मेला, त्यामुळे बॅकअप वेगळा हवाच.

एक्सएफएस मोठमोठ्या फाइलींना मस्त, सर्व्हरवर भरपूर चालतं, पण पार्टिशन नंतर लहान करायचं म्हटलं तर अडकाल. झेडएफएस जबरदस्त आहे, पण लायसन्सच्या भानगडीमुळे ते लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) येत नाही, वेगळं बसवावं लागतं, पहिल्याच इन्स्टॉलला कशाला ती झंझट.

ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) असेल तर दोन्हीकडून वापरायचं पार्टिशन एनटीएफएस ठेवा, लिनक्सला ते लिहिता-वाचता येतं. मात्र विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आठवणीने बंद करा. ते चालू असलं की शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि मग लिनक्सला ते पार्टिशन बहुतेक वेळा नुसतं वाचता येतं, लिहायला गेलं की एरर. पेनड्राइव्हला एक्सफॅट घ्या, कारण फॅट३२ वर ४ जीबीची एक फाइल मावत नाही.

फॅट३२ लागतं ते बूटच्या छोट्या ईएफआय पार्टिशनला. विंडोज आधीपासून असेल तर तेच पार्टिशन लिनक्सलाही द्या, फक्त त्याच्यासमोरच्या फॉरमॅटच्या चौकोनात टिक नाही ना ते इन्स्टॉल दाबायच्या आधी एकदा बघा, ती टिक राहिली तर विंडोजचा बूटलोडर (विंडोज सुरू करणारा प्रोग्राम) उडाला म्हणून समजा.