विसराळूपणा वाढला असेल, तर रात्रीचा श्वास कसा तपासावा

घरातील वडीलधारी व्यक्ती विसरू लागली की "वय झालं" असे म्हणून आपण मोकळे होतो. तिचा रात्रीचा श्वास कसा चालतो, हे मात्र क्वचितच कोणी पाहते. झोपेत घसा सैल पडून श्वासमार्ग वारंवार बंद होतो, त्या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात, आणि त्याचा अल्झायमरशी संबंध असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. शरीराच्या वजनात जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू सुमारे 20 टक्के ऑक्सिजन वापरतो, त्यामुळे श्वास अडकण्याची झळ त्याला लवकर बसते. शिवाय अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचा निचरा गाढ झोपेत अधिक होतो, असे मानले जाते, आणि ती झोपच अशा वेळी तुटत राहते. घोरणाऱ्या प्रत्येकाला अल्झायमर होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात पहिली अडचण कूलरची असते, कारण त्याच्या घरघरीत घोरणेही बुडते आणि मधली शांतताही. म्हणून पहाटे हवा जरा निवली की कूलर अर्धा तास बंद करून पलंगाजवळ बसावे. या विकारात पहाटेच्या झोपेत श्वास अधिक अडकतो, म्हणूनही हीच वेळ बरी. जोरात घोरणे, मग एकाएकी शांतता, पोट हलत असूनही नाकातोंडातून हवा नाही, आणि शेवटी गुदमरून घेतलेला मोठा श्वास, असा क्रम दिसला तर शांततेचे सेकंद मोजावेत. 10 सेकंदांपासून पुढचा खंड नोंदवण्याजोगा असतो. बाबांचा श्वास मी प्रथम मोजला तेव्हा 22 सेकंद गेले होते, आणि तेवढा वेळ माझाही श्वास अडकला होता. त्यांना आधी विचारून मोबाइलवर चित्रणही करून ठेवावे.

ही नोंद, चालू औषधांची यादी आणि दिवसा येणाऱ्या डुलक्यांची माहिती घेऊन छातीरोगतज्ज्ञांकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे आणि स्लीप स्टडीबद्दल, म्हणजे झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीबद्दल, विचारावे. तासाला 5 ते 15 वेळा श्वास अडकणे सौम्य, 30 किंवा त्याहून अधिक वेळा अडकणे तीव्र समजतात. विसराळूपणासाठी मेंदूविकारतज्ज्ञांची तपासणी वेगळी करावी, कारण थायरॉइड किंवा बी-12 ची कमतरताही त्यामागे असू शकते. झोपेची गोळी मात्र मनाने देऊ नये. काही गोळ्यांनी आणि दारूने श्वास आणखी अडकतो.

मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र सुचवले गेले, तर त्याने अल्झायमर टळतोच असे सिद्ध झालेले नाही, पण दिवसाची गुंगी कमी होते आणि लक्ष सुधारू शकते. पहिले काही आठवडे कठीण जातात. आपल्या कोरड्या हवेत नाक सुकते, म्हणून यंत्रातली हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरबद्दल जरूर विचारावे. मास्क रोज कोमट पाण्याने धुवून सावलीत वाळवावा, आणि रात्री तो लावण्याची आठवण, ज्यांना विसर पडतो आहे, त्यांच्यावरच सोडू नये.