टाकीतले बारीक शंख ओळखायचे कसे

मालवणात घरी माझी खाऱ्या पाण्याची, समुद्री जीव पाळायची काचेची टाकी आहे. काचेवर बारीक शंख दिसले की लगेच चिमटा उचलू नका. रात्री दिवे मालवून तासाभराने टॉर्च मारा.

तांदळाच्या कणीसारखा पांढरा, टोकदार, 2-3 मिलिमीटरचा असेल तर पिरॅमिडेलिड. सोंड खुपसून दुसऱ्या शंख-शिंपल्यांचा रस शोषतो. मी पाळलेल्या टर्बो जातीच्या शंखाच्या तोंडाशी असे सात चिकटले होते. मऊ ब्रशने एकेक काढले, आठवडाभर रोज रात्री.

चपटं, कानासारखं कवच आणि झपझप चाल? स्टोमाटेला. शेवाळ खातो, राहू द्या. पकडू नका, पायाचा तुकडा तोडून पळतो बिचारा.

खडकाला चिकटलेली नळी, तिच्यातून चिकट जाळं सुटलेलं, तोही शंखच: वर्मेटिड. नळीचं तोंड सुपरग्लूने बुजवा.