सिनेमात आपली चाल वाजली, नाव मात्र नाही: हक्क कसा मागावा

कोल्हापूरकडचा गोंधळी, शाहीर किंवा धनगरी ओव्या गाणारा कलावंत सिनेमा बघायला बसतो आणि पडद्यावर आपलीच चाल ऐकतो. श्रेयनामावलीत मात्र एकट्या संगीतकाराचं नाव. मग चहूकडून सल्ले येतात. ‘स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं सीडी पाठव, की हक्क पक्का.’ ‘दहा सेकंदांपर्यंत उचललं तर चालतं.’ ‘नोंदणी नाही म्हणजे हक्कच नाही.’ तिन्ही साफ चूक. रचना झाली की कॉपीराइट आपोआप मिळतो. चाल कागदावर उतरवलेली असावी ही अटही १९९४ च्या दुरुस्तीनं गेली. आणि सेकंदांची सूट १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कुठेही नाही.

आधी पुरावा धरून ठेवा: गाण्याची लिंक, सिनेमात ते कितव्या मिनिटाला येतं ती नोंद आणि श्रेयनामावलीचे स्क्रीनशॉट.

खरी मेख यापुढं आहे. तुमचं काय आणि परंपरेचं काय, याची फोड करा. ती होईपर्यंत कुणालाही एक ओळ लिहू नका. या टप्प्यावर मलाही सुरुवातीला फार झगडावं लागलं, कारण कलावंताला आपलं सगळं गाणंच आपलं वाटतं, आणि त्याच्या जागी ते खरंही असतं. कायदा मात्र तुकडे करून बघतो. वाडवडिलांपासून चालत आलेल्या, कर्ता कोण ते ठाऊक नसलेल्या चालीवर कुणा एकाचा कॉपीराइट नसतो. तिच्यावर तुम्ही केलेली नवी बांधणी मात्र तुमची असू शकते.

एका संबळवाल्याबरोबर मी अशी फोड करायला बसलो होतो. तो मुखड्यावरच अडून बसला होता, आणि मुखडा तर शेजारच्या गावची पार्टीही तसाच म्हणते. पण दोन कडव्यांच्या मधे तो संबळ पूर्ण थांबवतो, तुणतुण्याची तार एकटी वाजू देतो आणि मग ध्रुवपद पहिल्या शब्दापासून न धरता मधूनच वरच्या पट्टीत उचलतो. ही जागा दुसरं कुणी घेत नाही. सिनेमात तीच जागा जशीच्या तशी आली होती. त्याला म्हटलं, मुखडा सोडा, ही जागा धरा.

नुसत्या ठेक्यावर दावा रेटू नका, टिकणं कठीण. सगळी चाल माझीच, असंही लिहू नका. समोरचा वकील एखादी जुनी कॅसेट शोधून आणेल आणि तुमची खरी जागाही त्यात वाहून जाईल.

दुसरी गोष्ट: गायलं म्हणजे रचलं, असं होत नाही. ए. आर. रहमान यांच्या एका चित्रपटगीताविरुद्ध शास्त्रीय गायकांच्या डागर घराण्यातल्या वारसानं दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. एप्रिल २०२५ मध्ये श्रेय देण्याचा आणि दोन कोटी रुपये जमा करण्याचा अंतरिम आदेश मिळाला. सप्टेंबरमध्ये खंडपीठानं तो रद्द केला, आणि त्यातला कळीचा मुद्दा हाच: सादर करणारा तोच रचनाकार, असं गृहीत धरता येत नाही. म्हणून चाल तुम्हीच बांधलीत हे दाखवणारं काहीतरी हवं. हातानं लिहिलेलं बाड, तारखेसह जुनं रेकॉर्डिंग, आकाशवाणी सांगलीच्या कराराचं पत्र, बांधणी होताना हजर असलेल्या झीलकऱ्याचा, म्हणजे मागं सूर धरणाऱ्या साथीदाराचा, लेखी जबाब. चाल दोघातिघांनी मिळून बांधली असेल तर आधी फडात बसून कुणाचं काय ते लिहून काढा. भाऊबंदकी कोर्टात निघाली की समोरच्याचं आयतं फावतं.

तुमचं मूळ रेकॉर्डिंगच गाण्यात वापरलं असेल तर वाट सोपी. मग चाल परंपरेची असली तरी कलम ३८ अ आणि ३८ ब खाली कलाकार म्हणून तुमचा हक्क ५० वर्षं टिकतो, नावाचा हक्कही त्यात येतो. मात्र कॅसेट कंपनीला काय लिहून दिलंय ते आधी वाचा.

नोंदणी ऑनलाइन होते, संगीतरचनेला ५०० रुपये फी. सक्तीची नाही, तरी करून टाका.

नोटीस वकिलाकडूनच जाऊ द्या. तोवर फेसबुकवर ‘चोर’ म्हणून धमक्या देत सुटू नका. बिनबुडाच्या धमकीसाठी कलम ६० खाली उलटा दावा तुमच्यावर येऊ शकतो. निर्माता मुंबईचा असला तरी मुंबई गाठायची गरज नाही. कलम ६२ मुळे तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. दाव्याची किंमत ३ लाख किंवा जास्त असेल आणि तातडीची मनाई मागायची नसेल, तर आधी मध्यस्थीला जावं लागतं. वकिलाच्या फीला घाबरून बसू नका. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या कलावंतांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

तडजोडीच्या टेबलावर ‘सर्व हक्क कायमचे’ असं छापलेला कागद पुढं आला तर सही करू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरचा रॉयल्टीचा समान वाटा रचनाकाराला निर्मात्याच्या नावे सोडून देताच येत नाही. आणि चाल पूर्ण परंपरेची निघाली तर पैशाचा दावा सोडा, पण श्रेयासाठी भांडा. भारतात समाजाच्या सामूहिक चालीला वेगळं कायदेशीर संरक्षण नाही, त्यामुळं ही मागणी लाजेकाजेवरच उभी असते. तरी ती लेखी करा आणि शब्दही तुम्हीच द्या: ‘पारंपरिक चाल: गोंधळी परंपरा, कोल्हापूर’, आणि खाली ज्याच्याकडून ती ऐकली त्या कलावंताचं पूर्ण नाव.